पहिली हरकत शेजारणीची

माझा मुलगा पन्नाशीला टेकल्यावर देवाबद्दल प्रश्न विचारायला शिकला. लहानपणी विचारले असते तर दोन धपाटे घालून मी विषय संपवला असता. आता तो दुबईत मॅनेजर आहे, डोक्यावरचे केस गेलेत, आणि धपाटा घालायचा तर मलाच गुडघे धरून उठावं लागतं.

आम्ही शारजात राहतो, अल नहदाला. रस्ता ओलांडला की दुबई. मुलगा आणि सून ट्रॅफिक चुकवायला अंधारातच निघतात, आणि रोज ट्रॅफिकमध्येच अडकतात. नात शाळेच्या बसने जाते. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी तिच्याशी मराठीत, जेवणापुरतं दोघींचं भागतं. मग दार लागतं आणि घरात मी आणि एसीचा आवाज.

समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडची भाभी राहते. मुसलमान, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नवरा गेलेली, मुलाकडे येऊन राहिलेली. सगळी पांगली की ती बेल वाजवते, बोट काढायचं विसरल्यासारखी लांब. मग आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून मासे साफ करतो, भाजी निवडतो, सुनांना नावं ठेवतो. ती मला बाय म्हणते. तिचं बोलणं कोकणातलं, माझं वसईचं, पण दिवसभरात पोटभर बोलायला मला तेवढी एकच बाई आहे. देवाचं बोलायचं नाही हे आम्ही न ठरवता ठरवलेलं. नाताळच्या करंज्या तिच्याकडे जातात, ईदचा शीरखुर्मा माझ्याकडे येतो, पुढे कोणी काही विचारत नाही. चर्चमध्येही सांगतात, परक्या मुलखात आहात, दुसऱ्याच्या धर्मात तोंड घालू नका.

हे सगळं माझ्या मुलाने एका शनिवारी मोडायला काढलं.

झालं असं, की त्याने चर्चतर्फे चालणारा धर्मशास्त्राचा कोर्स घेतला. शिकवणारे फादर भारतात, हा इथे लॅपटॉपसमोर. गाडीत गाणी लावायच्या ऐवजी लेक्चर लावायला लागला. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीच काहीतरी बोला, मला रोज दोन तास त्रैक्य ऐकावं लागतंय." म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन व्यक्ती, पण देव एकच. मी हे चौथीपर्यंतच्या शाळेत आणि रविवारच्या शिकवणीत पाठ केलं होतं. देव किती? एक. व्यक्ती किती? तीन. बस खाली. उत्तर चुकलं तर हातावर छडी. त्यावर माझं आयुष्य निघालं, लग्न झालं, दोन मुलांचे बाप्तिस्मे झाले, नवरा पुरला, काही अडलं नाही.

याचं मात्र अडायला लागलं. याला फादरांनी सातआठशे वर्षांपूर्वीची पद्धत शिकवली. त्या काळी युरोपातले मठांतले गुरुजी म्हणे असंच शिकवायचे. एक प्रश्न घ्यायचा. मग आपल्या मताच्या विरुद्ध जे जे म्हणता येईल ते आधी मांडायचं, पहिली हरकत, दुसरी हरकत, तिसरी. मग शास्त्रातलं एखादं वचन उलट बाजूने. मग गुरुजींचं स्वतःचं उत्तर. आणि शेवटी एकेका हरकतीचा समाचार.

"म्हणजे चुकीचं आधी?" मी विचारलं.

"चुकीचं नाही आई, विरुद्ध."

"पोरं तेवढंच ऐकून झोपली तर?"

तो पुन्हा लॅपटॉपकडे वळला.

पद्धत घरात शिरली ती जेवणापर्यंत. सुरमई तळायची की कालवण करायचं विचारलं तर म्हणायचा, "तळण्याच्या विरुद्ध काय काय आहे ते आधी बघू." तोवर मी तळून मोकळी झालेली असायचे. नातसुद्धा डोळे फिरवून "डॅडी, प्लीज" म्हणायला लागली. इंग्रजी असलं तरी मला ते पटलं.

मग त्याचा सरावाचा कागद फादरांकडून परत आला. प्रश्न होता, देवाला पुत्र असू शकतो का. फादर म्हणाले, तुझ्या हरकती तूच रचल्यास आणि तूच पाडल्यास, यात काय मोठं? जुने गुरुजी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचे की समोरचा म्हणावा, बरोबर, मला हेच म्हणायचं होतं. जा, खऱ्या माणसाची हरकत घेऊन ये.

"समोरच्या खालांना विचारतो," मुलगा म्हणाला. भाभीला तो खाला म्हणतो, म्हणजे मावशी.

मी हातातली सुरी खाली ठेवली. "खबरदार. ऑफिसात इतके मुसलमान आहेत, त्यांना विचार."

"ऑफिसात रिलिजन बोलायचं नाही, एचआरचा रूल आहे."

"मग माझ्या स्वयंपाकघरालाही एचआर आहे. मी आहे."

"आई, हा मान आहे. मी त्यांचं म्हणणं सगळ्यात आधी लिहिणार."

मान! तुला मान सुचतोय, सोमवारी ती आली नाही तर मी भिंतीशी बोलू का, असं मी म्हणाले. त्याने ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. दुपारी भाभी कोथिंबीर मागायला आली आणि हा वही घेऊन समोर बसला.

"खाला, देवाला मुलगा असू शकतो का? तुमचं काय म्हणणं?"

भाभीने माझ्याकडे बघितलं. मी कोथिंबिरीकडे बघितलं.

"तुझ्या आईला विचारलंस?"

"तिला पाठ आहे, खाला. मला हरकत हवीय."

भाभी हसली, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं. ती बसली आणि बोलली. अगदी थोडंच. मुलाने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, म्हणून..."

"मी असं कधी बोलली? तीन की एक ते तुमचं तुम्ही बघा. मोजता मलाही येतं."

त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं. "देवाला बायको नाही, म्हणून पुत्र..."

"बायकोचं नाव मी काढलं? बाय, तुझ्या मुलाचे कान तपासून घे हां."

"लहानपणापासून तसेच आहेत," मी म्हणाले.

तिसऱ्यांदा ती हळूहळू बोलली, लहान मुलाला घास भरवावा तशी. "जो जन्मला तो जन्माच्या आधी नव्हता. बाप आधी, मुलगा मागनं. जो एके काळी नव्हता तो देव कसा? लिही."

त्याने लिहिलं, वाचलं. भाभी म्हणाली, "हां. आता बरोबर." मुलाचा चेहरा असा फुलला, जसं काही तिने त्याचा धर्मच स्वीकारला. मलाही क्षणभर वाटलं, निभावलं.

पण त्याला थांबणं कुठे माहीत? तो उत्तराला लागला. "खाला, दिवा लावला की त्याच क्षणी उजेड असतो की नाही? दिवा आधी, उजेड नंतर, असं नसतं. पण उजेड दिव्यापासूनच. तसा पुत्र पित्यापासून आहे, पण नंतरचा नाही."

"फुंकर मारली की दोन्ही जातात," भाभी म्हणाली. मग वहीत डोकावली. "आणि माझं कुठे लिहिलंस?"

"इथे. पहिली हरकत."

"आणि हे शेवटी काय, पहिल्या हरकतीला उत्तर?"

"ते सगळ्यात शेवटी, खाला. प्रत्येक हरकत कुठे कमी पडते ते."

"म्हणजे कमी पडणार हे माझ्याकडून लिहून घ्यायच्या आधीच ठरलेलं."

तो काहीतरी पद्धत पद्धत म्हणाला. बाहेर असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली. भाभी उठली, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि गेली. कोथिंबीर ओट्यावरच राहिली.

सोमवारी बेल वाजली नाही. मंगळवारीही नाही. मी एकटीने मासे साफ केले. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा त्याच्यापुढे ताट आपटलं.

"मी जाऊन सॉरी म्हणतो," तो म्हणाला.

"तू जाशील आणि सॉरीच्या विरुद्ध तीन हरकती सांगशील. बस गप्प."

बुधवारी मीच गेले. कोथिंबीर सुकली होती, म्हणून नवी जुडी घेतली. भाभीने दार उघडलं, मला आत घेतलं, पण चहाचं विचारलं नाही. तिच्या घरात हे कधी झालं नव्हतं.

"तो मूर्ख आहे," मी म्हणाले. "पण त्याच्या पुस्तकात समोरच्याला आधी बसवतात. पाहुण्याला आधी वाढावं तसं."

"पाहुण्याला आधी वाढतात, बाय, मग त्याच्या ताटातलं काढून घेत नाहीत."

खरं होतं. घरी मी या पद्धतीलाच नावं ठेवत होते, चुकीचं आधी का मांडता म्हणून, आणि आता त्याच पद्धतीची वकिली करायला मी दुसऱ्याच्या सोफ्यावर बसले होते. मला मुलाचा राग आला, फादरांचा आला, त्या सातआठशे वर्षांपूर्वीच्या गुरुजींचाही आला. त्यांना सुना नव्हत्या, नातवंडं नव्हती, लिफ्टमध्ये रोज भेटणारी शेजारीण नव्हती. त्यांनी खुशाल हरकती मांडल्या.

"मग तुझं काय म्हणणं? येणार नाहीस?" मी विचारलं.

"आता इथे माझा वर्ग. तू हरकत सांग. मी लिहीत नाही, ऐकते. उत्तर माझं."

"मला येत नाही. मला नुसतं पाठ आहे."

"पाठ केलेलं तुझ्या मुलाला सांग. मला तुझं सांग."

त्या भाड्याच्या घरात, त्या टीव्हीसमोर, मला देवाबद्दल स्वतःचं काही विचारणारी ही पहिलीच बाई. शेवटी मुलाच्या बडबडीतलं जे डोक्यात राहिलं होतं तेच काढलं. म्हणाले, "तुम्ही म्हणता बाप आधी. पण माझा मुलगा झाला तेव्हा मी आई झाले. त्याच्या आधी मी आई नव्हते, नुसती बाई होते. देवाचं तसं नाही म्हणतात. तो नुसता देव, आणि मग बाप झाला, असं नाही. तो पहिल्यापासून बापच. म्हणून मुलगाही पहिल्यापासून. दुनिया नव्हती, माणसं नव्हती, तेव्हाही देव एकटा नव्हता. मला एवढंच कळतं."

बोलले आणि माझाच मला राग आला. जो कधी एकटा नव्हता त्याला काय माहीत सकाळी दार लागल्यावर काय असतं.

भाभीने ते परत म्हणून दाखवलं. मुलासारखं तीनदा नाही, एकदाच, आणि माझ्यापेक्षा नीट. "तू म्हणतेस, देव बाप झाला नाही, तो बापच आहे. आणि एकटा तो कधीच नव्हता. हेच ना?"

"हेच."

"मग आता माझं उत्तर ऐक. ज्याला कोणाची सोबत लागते तो तू आणि मी. त्याला काही लागत नाही. म्हणून तर आपण त्याच्याकडे मागतो. जो स्वतः सोबतीला बसलाय त्याच्याकडे काय मागणार?"

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. लागते म्हणून सोबत नसते देवाला, असं काहीतरी उत्तर त्याला असणार, मुलाला माहीत असेल, पण मी त्याला विचारणार नव्हते. मी म्हणाले, "झालं? खलास?"

"खलास."

"माझं ताट उचललंस ना?"

"उचललं," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. चहात तिने साखर नेहमीसारखीच जास्त घातली आणि कोथिंबीर काढून घेऊन मला तिची देठं निवडायला बसवलं.

रात्री जेवताना मुलाने विचारलं, "खाला काय म्हणाल्या? आई, त्यांचं उत्तर असेल तर फादरना फार आवडेल."

"तुझ्या कागदावर शेवटी कोण जिंकतं?"

"आई, जिंकण्याचा प्रश्न नाही."

"मग भात घे."

गुरुवारी सकाळी सगळी गेली, दार लागलं आणि बेल वाजली, लांब. भाभी दारात उभी, हातात बोंबलांची पिशवी, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाली, "बाय, पहाटे फजरच्या नमाजानंतर मला त्यावर आणखी एक हरकत सुचली."

मी कपाळावर हात मारला. एक शास्त्री गाडीत, दुसरी समोरच्या फ्लॅटमध्ये. पिशवी तिच्या हातातून घेतली, बोंबील फार वेळ बाहेर ठेवता येत नाहीत, आणि सांगितलं, आधी बस, मग बोल.