सणाच्या दिवशी जुंपलेली हरणं

नाताळच्या सुट्टीत लेकीनं टीव्हीवर एक कार्टून लावलं. जेमतेम अर्ध्या तासाचं, फारसं कुणी न पाहिलेलं. बर्फ, लाल कपड्यातला म्हातारा आणि त्याच्या गाडीला जुंपलेली हरणं. इंग्रजीतली गोष्ट ती तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मराठीत सांगत होती. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. म्हटलं, चला, अर्धा तास सुटका.

आबा गावाकडून अंबडला माझ्याकडे राहायला आले, त्याला वर्ष होत आलं. गुडघे गेले, आई आधीच गेलेली, शेत बटाईनं दिलं. उरला एक म्हातारा बैल. "बाजारात न्यायचा न्हाई," एवढी एकच अट आबांनी घातली होती. मी आठ दिवस फोन करत बसले. काम न होणारा बैल दारात बांधायला कोण तयार होणार? रजा संपत आली आणि मी तो बाजारातच एका दलालाच्या हाती दिला. आबांना सांगितलं, केदारखेड्याच्या एका शेतकऱ्यानं नेलाय. मग ते विचारत आणि मी सांगत जाई: चांगलं घर आहे, जुंपत नाहीत, सावलीला बांधतात. खोटं बोलण्यात मी इतकी तरबेज असेन, असं मलाही वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात एक दिवस आबा सकाळच्या एसटीनं एकटेच गेले आणि संध्याकाळी धुळीनं भरून परतले. "गावाकडं गेल्तो," म्हणाले. त्यानंतर त्यांनी बैलाचा विषय काढला नाही. विसरले असतील, असं समजून मी निवांत झाले.

"आज सण हाये ना त्यांचा?" बाहेरून आबांचा आवाज आला. "मंग जनावरं कशी काय जुंपली? सणाला कुणी जुंपतं का?"

लेक हसत सुटली. आबांना मात्र खरोखर राग आला होता. पोळ्याला त्यांनी जन्मात बैलाच्या मानेवर जू ठेवलं नाही. आदल्या दिवशी हळद-तुपानं खांदे मळायचे आणि कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. यंदाच्या पोळ्याला ते दिवसभर गॅलरीत बसून होते. मी पुरणपोळी वाढली, ती त्यांनी अर्धीच खाल्ली. मी म्हटलं, गोड चालत नसेल आता.

लेक सांगत होती, कार्टूनमध्ये एका म्हाताऱ्या हरणाला गाडीतून काढून टाकलं होतं. त्याचेही गुडघे दुखत. बाकीची निघून गेली, ते गोठ्यात एकटं राहिलं. मग एक मुलगी कंदील घेऊन आली आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणली ती?" आबांनी विचारलं.

"ऐकूच आलं नाही," लेक म्हणाली.

"आवतन दिलं," आबा म्हणाले.

खरंच, पुढे त्या मुलीनं हरणाला घरी नेऊन आपल्या ताटातलं खाऊ घातलं. गोष्ट संपली तशी लेकीनं विचारलं, "आजोबा, आपला बैल कुठे आहे?"

मी मेथीची जुडी हातात घेऊन दारात उभी राहिले.

"केदारखेड्याला," आबा म्हणाले. "चांगलं घर हाये. जुंपत न्हाईत त्याला. सावलीला बांधतात."

माझीच वाक्यं, शब्दाला शब्द. लेकीचं समाधान झालं आणि ती खाली खेळायला पळाली. मी आबांजवळ जाऊन बसले.

"आबा, त्या बैलाचं..."

"म्हाईत हाये मला. एसटीनं गेल्तो तवा केदारखेड्यालाच गेल्तो. घरोघर विचारलं. तसा बैल कुणी आणलाच न्हाई म्हणले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग इतके दिवस बोलले का न्हाईत?"

"बोलून काय बैल येणार होता?" टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, "ते परत लाव. ती पोरगी कंदील घेऊन येती, तिथून."

मी रिमोट घेतला. तिथून परत लावलं. मुलगी हरणाच्या कानाशी वाकली, तेव्हा मी आबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.