ईश्वरसाक्ष

आमच्या कचेरीत नवा माणूस रुजू झाला की त्याला शपथ देण्याचं काम माझ्याकडे असे. मी आस्थापनेचा लिपिक. साहेबांच्या दालनात नव्यांना ओळीनं उभं करायचं, कागदावरचं एकेक वाक्य वाचायचं, त्यांनी ते माझ्यामागून म्हणायचं, आणि शेवटी सह्या घ्यायच्या. देशाशी आणि संविधानाशी एकनिष्ठ राहण्याची ती शपथ मी इतक्यांदा वाचली होती की वाचताना माझं लक्ष भलतीकडेच असे.

त्या दिवशी पाच जण होते. चार तरुण आणि पूर्ण्याजवळच्या खेड्यातली एक मुलगी. तिचे वडील रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले. सकाळच्या गाडीनं तिच्यासोबत आले होते आणि बाहेर बाकावर बसले होते. रुजू होण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि साहेबांना तीन वाजता परभणीला बैठकीसाठी निघायचं होतं.

"मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की," मी वाचलं. चार आवाज आले. मुलगी गप्प होती. पुढच्या वाक्याला मात्र तिचाच आवाज सगळ्यांत स्पष्ट.

मी कानाडोळा केला असता. पण दाराशी उभा असलेला माझा सहकारी बोलला, "साहेब, ह्या सुरुवातीचं म्हणल्याच न्हाईत."

साहेबांनी मान वर केली. "का हो? देशाची शपथ घ्यायला काय अडचण आहे?"

"देशाची घेते, साहेब. संविधानाची तर घेतेच. पण आम्ही बौद्ध आहोत, मी ईश्वर मानत नाही. त्याला साक्षीला कशी बोलावू?"

"नमुना शासनाचा आहे, मला त्यात बदल करता येत नाही. म्हणायचं नसेल तर आज रुजू करून घेता येणार नाही."

मी मध्ये पडलो. "अहो ताई, एक शब्द हाय. म्हणून टाका न् मोकळ्या व्हा."

खरं काय ते मला ठाऊक होतं. कचेरीत संगणक आला तेव्हा तो नमुना मीच टाइप केला होता. मूळ कागदावर 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' याच्यापुढे तिरकी रेघ होती आणि 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' असा दुसरा पर्याय होता. लोक तिथं अडखळायचे, दोन्ही म्हणून टाकायचे. म्हणून मी रेघही काढली आणि पर्यायही. कुणाला विचारलं नव्हतं. आता ते सांगायचं म्हणजे शासनाच्या नमुन्यात फेरफार केला, हे सगळ्यांदेखत कबूल करायचं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती.

साहेबांनी तिच्या वडिलांना आत बोलावलं. सगळं ऐकून ते चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहराच उतरला.

"म्हण की माय," ते तिला म्हणाले. "लय वर्सं अभ्यास केलास तू. आज माघारी जायाचं का?"

"बाबा, बावीस प्रतिज्ञा तुमीच पाठ करून घेतल्या ना माझ्याकडून?"

"घेतल्या."

"मग आता काय म्हणू, सांगा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या हातात होता म्हणून असेल, पण त्यांची नजर हटेना. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि फाइल मिटून उठायला लागले.

"साहेब, पाच मिनिटं थांबा," मी म्हणालो.

जुन्या परिपत्रकांची फाइल मला डोळे मिटूनही सापडली असती. तरी कपाटासमोर मी उगाच उभा राहिलो, किल्ली चुकीची लावली, पुन्हा लावली. मग ती फाइल नेऊन टेबलावर उघडून ठेवली.

"मूळ नमुन्यात दोन्ही आहे, साहेब. टाइप करताना एक गळालं."

"गळालं?"

"काढलं. मीच काढलं."

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "आणि इतका वेळ तुम्ही इथंच उभे होता?"

मी तो कागद उचलून मुलीसमोर धरला.

मुलीनं एकटीनं शपथ घेतली. 'दृढकथन' म्हणताना ती अडखळली, थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. तिचे वडील दारात राष्ट्रगीताला उभं राहावं तसे ताठ उभे होते. सही करताना तिनं हळूच विचारलं, "सर, तुमाला आधीपासून ठाऊक होतं का?"

"हो," मी म्हणालो. तिनं पेन परत दिला.

मला लेखी खुलासा द्यावा लागला, ताकीद मिळाली. "आता माणसागणिक येगळी शपथ छापा," असं सहकारी बरेच दिवस म्हणत राहिला. मुलगी दोन वर्षं माझ्याच शाखेत होती. कामाचं तेवढं बोलायची, काम चोख करायची. नंतर तिची बदली झाली.

नमुना मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला होता. पुढच्या वेळी रुजू व्हायला आलेल्यांत कपाळाला बुक्का लावलेला एक जण होता. कागद हातात घेऊन त्यानं विचारलं, "सर, ह्यातलं कोणतं म्हणायचं?"

"तुमाला जे खरं वाटतं ते."

तो कागदाकडे बघत राहिला. साहेब खोळंबले होते, मागचे तिघं चुळबुळ करत होते. मी त्याला घाई केली नाही.