अध्यक्षांची गाडी आली

थाटीपुरच्या संभाजीरावांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले. संभाजीराव स्वतः जन्मभर स्कूटरवर बसून ऑफिसात गेले, आणि घराण्याची ही घसरण त्यांच्या मनाला फार लागली होती. निवृत्त होताच त्यांनी एका छोट्या कंपनीची 'भीमथडी' नावाची मोटरसायकल बुक केली. भीमथडी म्हणजे पूर्वजांच्या तट्टांची जात. नाव वाचूनच गडी पाघळला. कंपनी म्हणाली, दिवाळीला देतो. कुठल्या दिवाळीला, ते विचारायचं राहून गेलं.

सुरुवातीला ते नुसते चिडले. रोज फोन. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी, "सर, आपकी गाड़ी बस निकलने ही वाली है." त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणत, "हत्तिणीचं गर्भारपणसुद्धा इतकं लांबत नाही हो!"

मग इंदरगंजच्या शोरूममध्ये त्यांना आपल्यासारखेच आणखी काही तापलेले ग्राहक भेटले. आता चार मराठी माणसं एका जागी चिडली, की मंडळ निघायला कितीसा वेळ? 'भीमथडी प्रतीक्षार्थी मंडळ' निघालं. घटना संभाजीरावांनी लिहिली आणि अध्यक्षही तेच झाले. कलम पहिलं: ज्याची गाडी आली नाही तोच सभासद; ज्या गाडीची चाकं दारात लागली, तिचा मालक त्या क्षणी मंडळाबाहेर.

आणि काय सांगू, माणूसच बदलला! घरात ज्याला भाजी कोणती करू हेही कोणी विचारत नसे, त्याला दर रविवारी डझनभर माणसं पोहे खात 'अध्यक्ष महाराज' म्हणू लागली. भाषणात ते कंपनीची सालटी काढत. पण आतल्या गोटातली बातमी अशी, की कंपनीला फोन करणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. उगाच कंपनी जागी व्हायची!

तरी ती झालीच. शोरूममधून फोन आला, गाडी घेऊन जा. "मी सध्या बाहेरगावी आहे," संभाजीराव सोफ्यावर पाय पसरून म्हणाले. मंदाताई दारातच उभ्या होत्या. त्या रविवारी त्यांनी पोहे भिजवले नाहीत. भाची निधीला बरोबर घेऊन शोरूम गाठलं. नवऱ्याची सही त्या नवऱ्यापेक्षा बरी करतात, हे आमच्या आळीत सर्वांना ठाऊक आहे.

इकडे घरच्या अंगणात सभा ऐन रंगात आली असताना निधी भीमथडीवरून थेट फाटकातून आत, मागोमाग रिक्षातून मंदाताई.

"मामा, ये लो! क्या मस्त भागती है!"

मग उपाध्यक्ष तात्यासाहेब उठले. चेहरा मुंडावळ्या बांधल्यासारखा खुललेला. "अध्यक्ष महाराज, अभिनंदन! आता ते कलम पहिलं..."

संभाजीराव गाडीभोवती फिरले. दिवा पाहिला, हॉर्न वाजवला, चाकाला लाथ मारली. खोट सापडेना. आणि एकदम ओरडले, "थांबा! मागच्या चाकाची जाळी कुठाय? मंदाचा पदर अडकू नये म्हणून मी जाळी सांगितली होती. जाळीशिवाय गाडी अर्धवट. आणि अर्धवट गाडी म्हणजे गाडी आलीच नाही!"

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तात्यासाहेबांचा चेहरा उतरला.

"आता जाळी यायला वर्ष तरी लागेल," संभाजीराव मोठ्या आशेने म्हणाले.

मंदाताईंनी पदर खोचला, साडी सावरली आणि दोन्हीकडे पाय टाकून मागच्या सीटवर मांड ठोकली. "मला नको जाळी. चला."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. त्यांच्याही येतील कधीतरी."

अध्यक्षपद तिथेच गेलं. गाडी मात्र झकास चालली. पाटणकर बाजार नावाच्या पेठेत दोघं गर्दीत अडकली, तेव्हा शेजारच्या बाइकवरच्या पोराने वाकून विचारलं, "अंकल, ये वाली मिलती कितने दिन में है?"

संभाजीरावांनी क्षणभर विचार केला. मग अनेक दिवसांत नव्हते इतके मोकळे हसले.

"हाथोंहाथ, बेटा! आज ही बुक कर दो. दोस्तों से भी करवाओ. और देर-वेर हो जाए, तो सीधे मेरे पास आना."