आपटीबाईंचं पुस्तक

आमच्या बाई विमानाचा इतिहास उलटा शिकवायच्या. माणूस जमिनीवर येऊन आदळला की त्यांचा धडा सुरू व्हायचा. "कुठून पडला?" हा पहिला प्रश्न, "का पडला?" हा दुसरा आणि "पुढच्यानं काय बदललं?" हा तिसरा. तो माणूस कोण, कुठल्या साली जन्मला, हे त्या सांगायच्याच नाहीत. म्हणायच्या, "नावं पुस्तकात आहेत, पाठ करा आणि मार्क घ्या. माझ्या तासाला तो का पडला तेवढं सांगा." म्हणून गावानं त्यांचं नाव आपटीबाई ठेवलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे की. निदान गाव लक्ष देऊन ऐकतंय."

बाई मूळच्या सांगोल्याकडच्या. पहिल्या नेमणुकीला आमच्या खाडीकाठच्या चार खोल्यांच्या शाळेत आल्या आणि शेवटपर्यंत आमच्याच राहिल्या. ते गाव आता नाही. तिथं नव्या विमानतळाची धावपट्टी आहे. आम्हाला जमिनीच्या बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळाले, भाताच्या खाचरांचे मालक होतो ते तीन-चार मजल्यांचे मालक झालो, आणि बाई माझ्या चुलत्याच्या इमारतीत भाड्यानं राहायला आल्या. लोक विचारायचे, "बाई, शाळा पाडली, वाईट नाही वाटत?" त्या म्हणायच्या, "विमानासाठी गेली ना? मग चालेल. दारूच्या गुत्त्यासाठी गेली असती तर तुमच्या डोक्यात दगड घातला असता."

असा राग होता त्यांचा. सगळ्यात जास्त चिडायच्या त्या 'अचानक' या शब्दावर. मी चौथीत निबंधात लिहिलं होतं, 'मग अचानक माणूस उडू लागला.' बाईंनी वही माझ्या अंगावर भिरकावली. "अचानक काही होत नसतं, गाढवा! तुला दिसलं नाही, एवढंच. तो जर्मनीतला माणूस टेकडीवरून शेकडो वेळा उड्या मारत होता तेव्हा तू कुठं झोपला होतास?" मी म्हटलं, "बाई, मी जन्मलोच नव्हतो." सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि मग तो शब्द मला शंभर वेळा लिहून शंभर वेळा खोडायला लावला.

दुसरी खोड म्हणजे जे शिकवायचं ते करून बघायचं. फ्रान्समधल्या कागद बनवणाऱ्या दोन भावांनी आगीच्या धुरानं भला मोठा फुगा वर नेला, हे सांगून त्या थांबल्या नाहीत. खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या चुलीवर आम्ही पतंगाच्या कागदाची उलटी पिशवी धरली. ती खरंच वर गेली, कौलांच्याही वर, आणि शेजारच्या मिठागरात जाऊन पडली. त्या भावांनी पहिले प्रवासी म्हणून मेंढी, बदक आणि कोंबडा वर पाठवले होते, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्यातले तिघं घरून कोंबडे घेऊन आले. बाईंनी ते परत पाठवले, पण आधी वर्गाला विचारलं, "बदक कशाला नेलं? ते तर रोजच उडतं." मग स्वतःच सांगितलं, "अरे, मेंढी आजारी पडली आणि बदक ठणठणीत राहिलं, तर दोष उंचीचा, मेंढीला तिची सवय नाही. दोन्ही आजारी पडली तर चूक आपल्या फुग्याची. असं शोधायचं असतं." त्या दिवशी खिचडीला धुराचा वास होता, तरी कुणी ताटात टाकली नाही.

निवृत्त झाल्यावर बाईंनी हे सगळं लिहून काढलं. दोनशे पानी तीन वह्या, वर नाव, 'माणूस पडत पडत कसा उडाला'. त्यात इंग्लंडमधला तो साधू होता, पंख बांधून मठाच्या मनोऱ्यावरून उडालेला, दोन्ही पाय मोडून घेतलेला आणि आयुष्यभर लंगडत 'मी शेपूट लावायला विसरलो' असं सांगत राहिलेला. जर्मनीतला टेकडीवाला होता. वाऱ्याच्या झोतानं त्याचं यंत्र खाली आलं, त्याचा कणा मोडला, आणि तो दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या मरणाची बातमी वाचून कामाला लागलेले अमेरिकेतले सायकलवाले भाऊ होते. त्यांना आधीच्या लोकांचे छापलेले आकडे जुळेनात, म्हणून त्यांनी दुकानात एक लाकडी पेटारा केला, त्यात वारा सोडला आणि सगळं पुन्हा मोजलं. आणि पुढं त्यांचंच विमान पडून मेलेला पहिला प्रवासीही होता. बाई म्हणायच्या, "त्याचं पान सगळ्यात महत्त्वाचं. यांना वाटत होतं, आता जमलं. नव्हतं जमलं."

विमानतळ सुरू होणार म्हटल्यावर आमच्या ग्रामस्थ मंडळाला स्फुरण चढलं. पहिलं विमान उडायच्या आठवड्यात समारंभ करायचा आणि गावातल्या प्रत्येक पोराला बाईंचं पुस्तक द्यायचं ठरलं. माझं करंजाड्यात फ्लेक्सचं आणि डीटीपीचं दुकान आहे, तेव्हा टाईप करून छापायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी वह्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "एक शब्द इकडचा तिकडं झाला तर तंगडं मोडीन." मी हसलो. सगळं टाईप केलं, कच्ची प्रत काढून मंडळाच्या अध्यक्षांकडे दिली.

अध्यक्ष दुसऱ्या दिवशी दुकानात आले ते लालबुंद होऊन. "काय रं ह्ये? ह्यो पडला, त्यो मेला, ह्याचा कनाच मोडला! पयला विमान उडनार हाय, नेते येनार हायेत, नारळ फुटनार हाय, आनि आमी पोरांच्या हातान मयताची यादी देऊ? अपशकुन करतं काय?" मी म्हटलं, "दादा, पुस्तकच त्याचं आहे." ते म्हणाले, "त्ये माला म्हाईत नाय. पडलेला, मेलेला सगला काढ. नायतर दुसरा छापनारा बघतंव." मंडळाचे सगळे बॅनर माझ्याकडेच व्हायचे. वाढदिवस, निवड, दहीहंडी, सगळे.

मी काढलं. कुणी डोक्याला बंदूक लावली नव्हती. मी स्वतःच्या हातानं 'पडला' शोधत गेलो आणि वाक्यं खोडत गेलो. साधूनं मनोऱ्यावरून उडी मारली आणि तो 'थोर झाला'. टेकडीवाल्यानं 'अनेक यशस्वी उड्डाणं केली'. तो प्रवासी तर पानासकट गेला. मग सायकलवाल्या भावांपाशी अडलं, कारण ज्या मरणातून त्यांचं काम सुरू झालं तेच मी काढलं होतं. तिथं मी माझ्या पदरचं वाक्य घातलं: 'एके दिवशी अचानक त्यांना स्फूर्ती झाली.' अचानक! शंभर वेळा खोडलेला शब्द मी बाईंच्या पुस्तकात घातला, वर बाईंचं नाव छापलं, आणि पुस्तकाला भरारी, गरुड असलं काहीतरी नाव दिलं. आज ते आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि बाईंना काय सांगितलं? "बाई, छापून झालं की बघा, सरप्राइज आहे."

समारंभाला मंडप भरला होता. बाईंना शाल दिली, श्रीफळ दिलं, अध्यक्षांनी 'आपल्या गावची शान' वगैरे म्हटलं. पुस्तकं वाटली. बाई स्टेजवर बसून पानं उलटायला लागल्या आणि मी मंडपाच्या खांबामागे सरकलो. तेवढ्यात तिसरी-चौथीतली एक मुलगी पुस्तक घेऊन स्टेजपाशी आली आणि तिनं विचारलं, "बाई, साधूला काहीच झालं नाही, मग पुढच्या लोकांनी शेपूट का लावलं?" 'पुढच्यांनी शेपूट लावलं' हे वाक्य माझ्याकडून खोडायचं राहिलं होतं.

मला वाटलं, आता बाई माईक ओढतील आणि सगळ्यांची सालटी काढतील. देवाशपथ, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला, आणि स्टेज उतरून घरी चालत गेल्या. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "बाई भारावून गेल्या हायेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडून म्हणाल्या, "या. बसा. चहा घेणार का तुम्ही?" चौथीपासून 'अरे', 'गाढवा', 'तुझं तंगडं' ऐकलेला मी. म्हटलं, "बाई, वाटलं तर मारा, पण तुम्ही-बिम्ही म्हणू नका." त्या शांतपणे म्हणाल्या, "मी माझ्या पोरांवर चिडते. तुम्ही छापखानेवाले. तुमच्यावर कशाला चिडू?" चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मी कप खाली ठेवल्यावर दार लावून घेतलं.

मग त्यांनी एकटीनंच काम सुरू केलं. हातात लाल पेन, पिशवीत जुन्या वह्या. करंजाड्यातल्या एकेका इमारतीत जायच्या, लिफ्ट बंद असली तर जिने चढायच्या, आणि विचारायच्या, "तुमच्या पोराकडे ते पुस्तक आहे का? जरा आणा." पोराला शेजारी बसवून प्रत्येक समासात लिहायच्या, कोण कुठून पडला, का पडला. एका पुस्तकाला तास-दीड तास जायचा. लोक हसायचे. माझी बायको एकदा म्हणाली, "अहो, जाऊन मदत तरी करा." मी म्हटलं, त्या मला दारात उभं करणार नाहीत. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी कामाचं निमित्त काढतो. सणांचे दिवस होते, बॅनर खूप होते.

मंडळाच्या ऑफिससमोरच्या गटारावर तेव्हा कित्येक महिने झाकण नव्हतं. कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवली होती, तीही वाळून गेली. बाईंनी स्वतः मंडळात जाऊन दोनदा सांगितलं होतं. "बघतो बाई," एवढंच झालं. एका सकाळी त्या अशाच कुणाच्या तरी पुस्तकासाठी निघाल्या होत्या आणि त्या गटारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला, आणि महिन्याच्या आत बाई गेल्या.

त्याआधी एकदाच मी हॉस्पिटलमध्ये भेटलो. मी रडायला लागलो, तर वैतागून म्हणाल्या, "ते राहू द्या. कागद आहे का? घ्या लिहून. डावा पाय आत गेला. झाकण नव्हतं. फांदी होती, ती मला दिसली नाही, कारण मी वर विमान बघत होते." जरा थांबल्या, धाप लागली होती. "विमान बघत होते, हे गाळू नका. नाहीतर सगळा दोष झाकणावर जाईल." शेवटपर्यंत 'तुम्ही'च. मी ते बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.

बाई गेल्या त्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. मोठा बॅनर लावायचा होता, गटारासमोर, मंडळाच्या ऑफिसवर. मजकूर त्यांनीच पाठवला: 'आपल्या लाडक्या बाईंचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली अध्यक्षांचा फोटो बाईंच्या फोटोहून मोठा. अल्पशा आजाराने! सत्तर वर्षांच्या बाई चार-चार जिने चढत होत्या, त्यांना कसला आजार? माझं डोकंच फिरलं. मी अध्यक्षांचा फोटो उडवला, मजकूर उडवला, आणि नवा मजकूर टाईप केला:

'आमच्या बाई आजारी नव्हत्या. या समोरच्या गटारावर झाकण नव्हतं. मंडळाला दोनदा सांगितलं होतं. बाई वर विमान बघत चालल्या होत्या. त्या यात पडल्या आणि त्यातच गेल्या.'

बॅनर मी स्वतः शिडी लावून बांधला. अध्यक्ष धावत आले. "ये, उतर खाली! मयताच्या दिवशी कुनी असा लिवतं का? अल्पशा आजाराने लिवतात सगले!" मी शिडीवरूनच म्हटलं, "दादा, तुमच्या घरचं काही असलं तर लिहीन अल्पशा आजाराने. बाईंचं नाही लिहिणार." खूप शिव्या झाल्या. दुपारी त्यांनी बॅनर फाडला, संध्याकाळी मी दुसरा लावला. मंडळाचं काम माझ्याकडून गेलं ते गेलंच. चौथ्या दिवशी दोन माणसं येऊन गटारावर सिमेंटचं झाकण बसवून गेली.

लोक मला म्हणतात, मोठी हिंमत केलीस. अरे, कसली हिंमत? ती पुस्तकाच्या वेळी करायला हवी होती, तेव्हा वाचायला बाई होत्या.