कोस्टेलोची गोचीड

रॉस टिलियर्ड यारासाइड क्लबाकडून अकरा मोसम व्यावसायिक फुटबॉल खेळला, चेंडू हातातही घेता येतो तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल. एवढ्या वर्षांत पेपरात त्याचं कौतुक यायचं ते एकाच वाक्यात: ‘कोस्टेलोला आज सूर सापडला नाही.’ त्यात रॉसचं नाव नसायचं. जाणकारांनी ओळखून घ्यायचं.

डॅनी कोस्टेलो हा कॅसलगेट क्लबाचा हुकमी एक्का. पोरं त्याचे फोटो भिंतीवर लावायची, पोरींच्या आयाही टीव्हीपुढून हलायच्या नाहीत. आणि रॉसचं काम एवढंच, की सामना सुरू झाल्यापासून भोंगा वाजेपर्यंत त्याला चिकटून राहायचं. तो डावीकडे गेला की डावीकडे. तो बुटाची नाडी बांधायला वाकला की शेजारी उभं राहायचं. पंचांची पाठ वळली की जर्सी ओढायची. स्वतः चेंडूला हात नाही लागला तरी चालेल, त्याचा लागता कामा नये. दर शनिवारी समोरच्या संघात जो कोणी शेर असेल त्याच्यावर रॉसला सोडलं जायचं, पण बाकीचे शेर आले आणि गेले. कोस्टेलो तेवढा टिकला. म्हणून यारासाइडच्याच लोकांनी प्रेमाने रॉसचं नाव ठेवलं गोचीड. प्रेमाने म्हणायचं, कारण तसं म्हटल्याशिवाय ते नाव ऐकवत नाही.

मुळात हा गडी असा नव्हता. साउथ गिप्सलँडमधल्या बूरंडा गावात आल्फ टिलियर्डच्या गाईंच्या मागे चिखल तुडवत तो वाढला, आणि गावच्या संघाकडून एकेका दुपारी इतके गोल मारायचा की फळ्यावर आकडे लावणारा माणूस वैतागायचा. यारासाइडचा माणूस त्याला न्यायला आला तेव्हा आल्फने घरात जपून ठेवलेली व्हिस्की काढली. शहरात पहिल्याच आठवड्यात कोच ब्रॅनिगनने रॉसला मैदानाच्या कडेला उभं केलं.

“गोल मारणारे माझ्याकडे पोत्याने आहेत,” ब्रॅनिगन म्हणाला. “तुझे पाय दमत नाहीत आणि तू सांगितलेलं ऐकतोस. असला माणूस मिळत नाही मला. तो सात नंबर दिसतोय ना? तो जाईल तिथे तू जायचं.”

“तो पाणी प्यायला गेला तर?”

“तर तुलाही तहान लागायला हवी.”

रॉसने ऐकलं. सांगितलेलं ऐकणं हा गुण माणसाला किती महागात पडतो ते ऐकणाऱ्याला उशिरा कळतं. पगार चांगला होता, घर झालं, मॅरिलशी लग्न झालं. मॅरिल मैत्रिणींना सांगायची, “बाजारात गेलं की हा माझ्या शेजारी चालत नाही. अर्धं पाऊल मागे, डाव्या अंगाला. मी दही घ्यायला हात लांबवला की ह्याचा हात आधी तिथे.” मैत्रिणी हसायच्या. मॅरिल प्रत्येक वेळी हसायचीच असं नाही.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, आणि चेंडू कुठे येऊ नये हे पाहणं रॉसचं काम. त्यामुळे रविवारी सकाळी आल्फचा फोन यायचा.

“काल खेळलास का रे?”

“खेळलो की, बाबा. जिंकलो आपण.”

“दिसला नाहीस कुठे.”

“कोस्टेलोला बांधून ठेवला होता मी. त्याला एकही गोल मारता आला नाही.”

“हो, तेही दिसलं नाही,” आल्फ म्हणायचा, आणि मग गाईंवर बोलणं वळायचं. शनिवारी दुपारी धारांची वेळ असते हे कारण पुढे करून म्हातारा सामना बघायला शहरात यायचा बंद झाला होता. धारांची वेळ खरीच होती. पण शेजाऱ्याच्या लग्नाला जाताना ती आडवी आली नव्हती, हे रॉसच्या लक्षात होतं, आणि ते त्याला लागलं होतं.

मग मांडीचा स्नायू दोनदा फाटला आणि क्लबाने गोड शब्दांत सांगितलं की आता पुरे. मोसमाचा शेवटचा सामना कॅसलगेटशीच होता. पुढच्या फेरीत दोघांपैकी कुणीच जाणार नव्हतं, म्हणजे सामना नुसता तारखेपुरता. ब्रॅनिगन आता डोक्याने पांढरा झाला होता. त्याने रॉसला बोलावलं.

“या शनिवारी तू मोकळा. कुणाच्या मागे जायचं नाही. पुढे उभा राहा, गोल मार. शब्द देतो.”

रॉसने तिथूनच बूरंडाला फोन लावला. “बाबा, या वेळी मी चेंडू खेळणार आहे. या. एकदा या.” असं तो कधी बोलला नव्हता. आल्फने शेजाऱ्याला गोठ्यावर ठेवलं, लग्नाचा कोट घातला आणि मॅरिलच्या शेजारी स्टँडमध्ये येऊन बसला.

आणि पहिल्याच मिनिटाला रॉसचे पाय कोस्टेलोच्या मागे गेले.

“काय रे?” कोस्टेलो वळून म्हणाला. “पेपरात आलंय तू आज मोकळा आहेस म्हणून. मग जा की.”

“चाललोच होतो.”

“जा, जा. मला तरी जरा वारा लागू दे.”

रॉस पुढे गोलच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं त्याने ज्यांना छळलं त्यांना बाकी काही नसेल, पण आपण छळण्याच्या लायकीचे आहोत एवढं तरी कळायचं. रॉसवर कॅसलगेटने कुणालाच घातलं नाही. त्यांचा एक बचावपटू वीस पावलांवर कमरेवर हात ठेवून उभा होता आणि ढगांकडे बघत होता. चेंडू आला तेव्हा तो हातात घेऊन रॉस इतका गोंधळला की त्याने तो समोरच्यालाच दिला. दुसऱ्यांदा किक मारली ती बाजूच्या खांबांमधून गेली, तिचा एक गुण मिळतो, मन राखण्यापुरता. स्टँडमध्ये आल्फ खिमा भरलेली पेस्ट्री खात होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण पूर किंवा दुष्काळ आला तरी त्या चेहऱ्यावरून कळत नसे.

तिकडे कोस्टेलोला खरंच वारा लागला होता. गोचीड सुटलेल्या घोड्यासारखा तो मैदानभर उधळला. सामन्याच्या चार टप्प्यांपैकी तिसरा संपेपर्यंत यारासाइडची पार धूळधाण झाली, आणि ज्यांनी सकाळी ‘थँक यू रॉस’चे फलक रंगवले होते त्यांनीच ओरडायला सुरुवात केली, “अरे टिलियर्ड, जा ना त्याच्यावर! तिथे काय उन्हं खातोयस?”

शेवटच्या टप्प्याआधी सगळे मैदानात कोंडाळं करून उभे राहिले. ब्रॅनिगन रॉसजवळ आला. चाळीस हजार लोकांपुढे फजिती होत असली की माणसाला दिलेला शब्द जरा जड होतो.

“रॉस, मी शब्द दिलाय. पण बघतोयस ना? नुसती वीस मिनिटं. लोकांसाठी.”

रॉसने स्टँडकडे पाहिलं. कोट दिसत नव्हता, पण तो तिथे आहे हे माहीत होतं.

“नाही, कोच.”

“काय?”

“नाही जाणार. माझे वडील आलेत.”

अकरा वर्षांत रॉसने दिलेलं हे पहिलं ‘नाही’. ब्रॅनिगनने वळून दुसऱ्याच कुणावर तरी आवाज चढवला.

शेवटचा टप्पा सुरू झाला. रॉस पुढे जाऊन उभा राहिला आणि कुणीतरी त्याच्या जर्सीला मागून धरलं. वळून बघतो तर कोस्टेलो.

“तू इथे काय करतोयस? चेंडू तिकडे आहे.”

“असू दे. पुरे झालं माझं. आता तू जाशील तिथे मी.”

“चेष्टा करू नकोस, लेका.”

कोस्टेलो चेष्टा करत नव्हता. रॉस डावीकडे पळाला, हा डावीकडे. उजवीकडे, तर हा आधी हजर. कानाशी सतत बडबड, बरगडीत कोपर, पंच वळले की जर्सीला हिसका. सगळ्या खोड्या रॉसच्याच, उधारीवर घेतलेल्या. कॅसलगेटचा कोच बाकावरून ओरडत होता, कोस्टेलोने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी थोडे लोक हसले, मग हळूहळू सगळं मैदान चेंडू सोडून या दोघांकडे बघू लागलं. टीव्हीचा कॅमेरादेखील.

भोंगा वाजायला थोडाच वेळ उरला असताना तो चेंडू आला. उंच, संथ, नेमका रॉसच्या डोक्यावर. झेलला की नियमाने कुणी अडवायचं नाही, निवांत किक मारायची, समोर दोन उंच खांब, लहान पोरानेही मारावा असा गोल. रॉस उडाला. मांडी ओरडली, तरी उडाला. बोटांना चामडं लागलं, आणि मागून एक मूठ आली आणि तिने चेंडू पार सीमेबाहेर घालवला.

रॉस जमिनीवर पडला तो शिव्या देतच उठला. “माझा शेवटचा सामना आहे, हरामखोरा! बाप बघतोय माझा!”

“ठाऊक आहे,” कोस्टेलो धापा टाकत म्हणाला. “मग काय करू, सोडून देऊ? ऐऱ्यागैऱ्यासाठी मी इतका पळलो असतो का?”

भोंगा वाजला.

सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. एका बाजूचा खांदा कोस्टेलोने दिला. रॉस वर बसून हात हलवत होता आणि मनातून पार खचला होता. एकच दिवस मागितला होता, एकच गोल, आणि तोही नाही.

कपडे बदलायच्या खोलीत आल्फ दाराशी उभा होता, हातात हॅट. रॉसने मान खाली घालून बूट काढायला घेतले.

“नाही जमलं, बाबा.”

“कसं जमणार?” म्हातारा जरा चिडूनच म्हणाला. “त्यांनी कोस्टेलोला घातला होता तुझ्यावर.”

रॉसने मान वर केली. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. आल्फने हॅट उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“त्यांचा सगळ्यात चांगला गडी,” तो म्हणाला. “सामना सोडून दिला त्यांनी, पण तुला मोकळा नाही सोडला.”

खरं म्हणजे कोस्टेलोला कुणीच घातला नव्हता, तो आपणहून आला होता, आणि सामना कॅसलगेटने केव्हाच खिशात टाकला होता. फुटबॉलच्या बाबतीत रॉसने आजवर बापाला प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली होती.

“हो, बाबा,” तो म्हणाला. “पूर्ण शेवटचा टप्पा.”