लाल चिंधी

पंच्याऐंशीच्या आसपास मी बांबूच्या ट्रकांबरोबर फिरायचो. तेव्हा अहेरीच्या नाक्यावर ट्रकचं वायरिंग दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. तुटलेली वायर जोडली की जोडावर तो लाल चिंधी बांधायचा. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून असेल. एकदा विचारलंच.

दातानं टेप तोडत तो म्हणाला, "नाई भाऊ. हा जोड माह्या हातचा हाय. सुटन तं पयले हाच सुटन. जंगलात धुंडत काऊन बसायचं?"

त्याच पावसाळ्यात भामरागडच्या वाटेवर नाल्याकाठी थांबलेला आमचा ट्रक परत सुरूच होईना. पाणी चढत होतं. ड्रायव्हरनं थेट लाल चिंधी गाठली. वायर तिथंच सुटली होती. त्यानं ती जोडली, चिंधी पुन्हा बांधली आणि आम्ही वेळेत पलीकडे गेलो.

आपलं काम कुठं कच्चं आहे, हे आधीच दाखवून ठेवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.