चपलांची रांग

हे लिहायचं मी चाळीस वर्षं टाळलं. आता सरांच्या नव्वदीनिमित्त गौरव अंक निघतो आहे आणि संपादकांनी माझ्याकडे शिबिराच्या दिवसांची एक आठवण मागितली आहे. देतो. पण ती सरांची नाही, प्रेमसिंगची आहे. सरांचे कान अजून शाबूत आहेत असं कळतं. कुणीतरी त्यांना समोर बसवून ही वाचून दाखवावी.

प्रेमसिंग दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरचा. सर दर उन्हाळ्यात खेड्यांतल्या मुलांचं दहा दिवसांचं निवासी शिबिर भरवत, आणि विशीतले आम्ही दोघं तिथे मुलांना सांभाळणारे दादा. मुलांना तलावावर नेलं की प्रेमसिंग आधी काठावर चपलांची रांग लावून घ्यायचा. अनवाणी मुलानं चपलेच्या जागी दगड ठेवायचा. पाण्यातून आलं की ज्याचं त्यानं उचलायचं. रांग संपल्याशिवाय हा काठ सोडत नसे.

"मुंडकी कायले मोजतं भाऊ? पोट्टे हालून राह्यतात. एकच पोट्टं दोनदा मोजल्या जाते. चप्पल बसल्या जागी राह्यते."

लहान मुलींना तो 'याडी' म्हणायचा. त्याच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. झरी जामणीकडून आलेली आठ वर्षांची मैना दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा त्यानं सेफ्टी पिनेनं जोडून दिला.

"पाह्य याडी, नवी कोरी झाली!"

"पिन टोचते," मैना म्हणाली. शिबिरातलं तिचं पहिलं वाक्य.

"टोचली तं बरंच हाये. बोलली तं खरी!"

दुसऱ्याच दिवशी शिबिराला देणगी देणारे पाहुणे फोटोवाल्याला घेऊन तलावावर येणार होते. प्रेमसिंग मुलांबरोबर कमरेइतक्या पाण्यात होता. सरांनी रांगेकडे पाहिलं. "हा काय उकिरडा मांडलाय? फोटोत येईल. उचला."

त्यांच्या शाळेत मला नोकरी हवी होती. मी चपलांनी पोतं भरलं, दगड लाथेनं उडवले आणि पोतं मुलांना ने-आण करणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकलं.

फोटो निघाले, शिट्टी झाली. तापलेल्या मातीवर पाय भाजत मुलं ट्रॉलीकडे धावली आणि पोत्यावर तुटून पडली.

"रांग कुठं गेली? कोनं उचलली?" प्रेमसिंग ओरडला. मी ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत राहिलो.

"सर, मले मोजू द्या."

"पाहुणे जेवायचे थांबलेत. चला म्हणतो ना."

शिबिरात पोतं झटकलं, तर तळाशी एकच जोड उरला होता. पिनेचा. तो हातात घेऊन प्रेमसिंग भर उन्हात तसाच तलावाकडे पळत सुटला. मैना पलीकडच्या काठावर बाभळीखाली ऊन लागून बेशुद्ध पडलेली सापडली. तिला पाठीवर घेऊन तो थेट दवाखान्यात गेला. आठ दिवसांनी ती धोक्याबाहेर आली.

सरांनी अहवालात लिहिलं, 'स्वयंसेवक प्रेमसिंग याच्या हलगर्जीपणामुळे मुलगी मागे राहिली.' साक्षीदार म्हणून खाली सही माझी. जूनमध्ये मी सरांच्या शाळेत रुजू झालो. प्रेमसिंगच्या हाती पुन्हा कुणी मूल दिलं नाही. बाजारात लोक त्याला 'पोट्टी हरवनारा' म्हणायचे आणि तो मान खाली घालून पुढे जायचा.

सर, अंकाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो छापताय म्हणे. छापा. काठ किती स्वच्छ दिसतो तेही लोकांना दाखवा. हुकूम तुमचा होता आणि हात माझे. निवृत्तीपर्यंत मी तुम्हाला वाकून नमस्कार केला. आता उरलेलं आयुष्य हा फोटो जो दाखवील त्याला ही गोष्ट सांगण्यात घालवणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मी तांड्यावर गेलो होतो. प्रेमसिंगला नीट दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्यानं ओळखलं. चहा दिला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. शिबिराचं नाव काढलं नाही. मी तीनदा घसा खाकरला आणि तिन्ही वेळा पावसापाण्याचं बोललो. उठलो तो घाईत अनवाणीच अंगणात उतरलो.

"भाऊ," त्यानं मागून हाक मारली, "चपला घालून जाय. नाही तं मले वाटन, तू अजून पान्यातच हायेस."

मी चपला घातल्या आणि निघालो. यंदाच्या होळीआधी तो गेला. घसा खाकरून म्हणायचं होतं ते एवढंच होतं: प्रेमसिंग, रांग मी उचलली. मला माफ कर.